तो वेल, ती वेल

आमच्या घरात वेल पुल्लिंगी आहे आणि शेजारच्या घरात स्त्रीलिंगी.

शेजारचं घर काकूचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोचं. दोन भावांनी एकाच नकाशावरून शेजारी शेजारी बांधलेली दोन घरं, मध्ये तारेचं कुंपण, आणि कुंपणाला खेटून, काकूच्या बाजूला एक डाळिंबाचं झाड. त्याची सावली मात्र दुपारनंतर आमच्याकडे पडते. आईच्या माहेरी 'तो वेल' म्हणतात, म्हणून आई 'तो' म्हणते. काकू 'ती' म्हणते. पुस्तकात दोन्ही बरोबर धरलंय. मी दोन्ही अंगणांत वाढले, त्यामुळे कुंपणाच्या ज्या बाजूला उभी असेन त्या बाजूचं व्याकरण वापरायची.

काकू हॉस्पिटलमध्ये नर्स होती. निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टर म्हणते, आणि तिचा आवाज अजूनही वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असाच आहे. आई शिवणकाम करते. तिला या घरात आणलं तेही काकूनंच. आई तेव्हा हॉस्पिटलच्या चादरी आणि पडदे शिवायची. तिचं काम पाहून काकू एक पडदा घरी घेऊन आली आणि दिरापुढे धरून म्हणाली, "मुलगी बघितलीय. स्वभाव कसा असेल ते या टिपेवरून बघ." बाबा अजून सांगतात, लोकांना फोटो दाखवतात, मला पडदा दाखवला.

कुंपणात काकांनी एक छोटं दार केलं होतं. तार कापून, लाकडी चौकट बसवून, जेमतेम एक माणूस वाकून जाईल एवढं. दोघी जावा दिवसभर त्यातून ये-जा करायच्या. काका गेले त्यानंतर आई रोज दुपारी त्याच दारातून काकूकडे चहा घेऊन जायची. मी तेव्हा बाहेरगावी कॉलेजात होते. फोनवर विचारलं की आई सांगायची, जाऊन आले, प्यायली अर्धा कप. मग कधीतरी ती ते सांगायची बंद झाली, आणि मीही अभ्यासाच्या नादात विचारायची राहिले.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन घरी आले तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं आणि कुंपण दिसत नव्हतं.

कुंपणाच्या जागी वेलाची भिंत उभी होती. बदामाच्या आकाराची पानं, एकावर एक, मासळीच्या खवल्यांसारखी. त्यांतून भोंग्यासारखी निळी फुलं, सकाळी उघडणारी आणि दुपारपर्यंत जांभळी पडून भिजलेल्या कागदासारखी मिटणारी. रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढायचे. पण त्या पानांखाली तार वाकली होती, पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून सुटला होता, आणि डाळिंबाच्या शेंड्याकडच्या फांद्या पानं झडून उघड्या पडल्या होत्या. झाडाला ऊनच मिळत नव्हतं. काकांचं दार कुठे होतं हेही सांगता आलं नसतं.

"झालं काय तुमच्या दोघींत?" मी आईला विचारलं.

"काही नाही. ज्याला आपण नकोसे होतो, त्याच्या दारात किती वेळा जायचं?"

"काकू असं म्हणाली?"

आईनं मशीन सुरू केलं. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती लांब शिवण घेते.

बाबांना विचारलं. बाबा गाडी चालवायला शिकवतात. ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी गाड्या येत असतील तर मी ब्रेक दाबून उभा राहतो."

मग कळलं की काकू घर बंद करून मुलीकडे राहायला जाणार आहे, कायमची. ही बातमी आईनं मला सुई ओवता ओवता दिली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

"जायच्या आधी तेवढा तो वेल काढून टाक," ती म्हणाली. "एवढं शिकलीस, त्याचा उपयोग कर. उद्या तिथं भाडेकरू येतील, त्यांना काय दाखवायचं? हे रान?"

भाडेकरूंची काळजी आईला नव्हती, एवढं कळायला पदवी लागत नव्हती. भिंत पडली तर काकू जाण्याआधी निदान दिसेल तरी, असं काहीतरी तिच्या मनात होतं. ते तिनं मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

मी पाहणी केली. माती उकरली, मुळं कुठे जातात ते पाहिलं. मग आईला सांगितलं, "एका बाजूनं कापून उपयोग नाही. मुळं दोन्हीकडे आहेत. आपण कितीही काढलं तरी तिकडून पुन्हा येणार."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली, आणि ते वेलाबद्दल असावं असं मला वाटलं नाही.

"म्हणजे काकूला सांगावं लागेल."

"तू सांग. मी जाणार नाही."

मी रस्त्यावरून वळसा घालून गेले. काकूच्या बाहेरच्या खोलीत खोकी मांडली होती. ती जुने पांढरे गणवेश घड्या घालून एका खोक्यात ठेवत होती, मग काढत होती, मग पुन्हा ठेवत होती.

"या शास्त्रज्ञबाई. पाय पूस आधी, प्रयोगशाळा नाही ही."

"काकू, खरंच चाललीस?"

"लेकीचा दहावा मजला आहे. माती नाही, डास नाहीत. बाल्कनीत एक कुंडी ठेवू देणार आहेत म्हणे. जावई दिलदार आहे." तिनं गणवेशाची कॉलर बोटानं सरळ केली. "इथं माझं काय अडलंय? दिवसभरात मला हाक मारणारा एकटा दूधवाला. तोही 'सिस्टर, पिशवी' एवढंच म्हणतो." आणि लगेच, खोक्यात डोकं घालून, "तुझी आई बरी आहे ना? खोकत होती परवा."

"तुला ऐकू आलं?"

"मी नर्स आहे. मला खोकला ऐकू येतो."

वेलाचं सांगितल्यावर ती लगेच तयार झाली. गुडघे दुखतात, पण स्टुलावर बसून कापीन म्हणाली. हातमोज्यांचा जोड आणि टाके काढायचा एक जुना चिमटा तिनं कुठल्यातरी डब्यातून शोधून काढला. "हा कामाला येईल की नाही माहीत नाही. पण हातात काहीतरी स्टीलचं असलं की मला धीर येतो."

माझी पद्धत साधी होती. आधी कमरेच्या उंचीवर वेलाच्या सगळ्या दोऱ्या कापायच्या. वरचा भाग तसाच लटकत ठेवून वाळू द्यायचा, कारण ओला ओढला तर खालचं झाडही येतं. मग वाळलेलं उतरवायचं आणि शेवटी मुळं खणायची. कापलेला एकही तुकडा मातीवर टाकायचा नाही, पत्र्यावर उन्हात वाळवायचा. त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटू शकतात. मी हे दोन्हीकडे समजावून सांगितलं, एकदा 'तो' म्हणून, एकदा 'ती' म्हणून.

काम सुरू झालं तसं निरोपांचंही सुरू झालं. मी आमच्या बाजूला, काकू तिच्या, आणि आई खिडकीत मशीनवर. तिघींमध्ये आवाजाला काही अडथळा नव्हता. तरीही काकू म्हणायची, "तुझ्या आईला सांग, बादली लागली तर माझ्याकडे मोठी आहे."

मी खिडकीकडे बघायची. आई मान वर न करता म्हणायची, "सांग त्यांना, आमच्याकडे आहे."

"सांग तिला, तिच्या बादलीला भोक आहे, मला माहीत आहे."

"सांग, भोक बुजवलं."

"सांग, कशानं बुजवलं ते. मेणानं बुजवलं असेल तर उन्हात सुटेल."

आईनं मशीन जोरात पळवलं. मेणानंच बुजवलं होतं.

डाळिंबापाशी मी चुकले. वरचं वाळलं असं समजून एक दोरी ओढली आणि तिच्यासकट डाळिंबाच्या सालीची पट्टी सोलून आली. आतलं लाकूड ओलं, फिकट दिसलं. खिडकीतून आईचा आवाज आला, "अगं, ओढतेस काय! उसव!"

दुसऱ्या क्षणी ती बाहेर होती, गळ्यात टेप तसाच. तिच्याकडे कापडाची एक कात्री आहे, जिला ती आम्हाला कागदालाही लावू देत नाही. तीच हातात घेऊन आली होती. फांदीवरचं टोक शोधून तिनं एक वेढा सोडवला, मग त्याखालचा, जसं चुकलेल्या शिवणीचे टाके काढतात तसं. जिथं अडेल तिथं कात्रीचं टोक घालून बारीक कट. साल जागच्या जागी राहिली.

"सगळे एकाच बाजूनं वळलेत," ती थोड्या वेळानं म्हणाली. "डावीकडून खालून, उजवीकडे वर. एकदा कळलं की हात आपोआप फिरतो."

"हो. ही जात नेहमी तशीच वळते."

"मग पलीकडून उलटं दिसत असेल ना?"

"नाही. कुठूनही बघ, वळण तेच दिसतं."

आईला हे पटलं नाही. तिनं बोटाभोवती दोरा गुंडाळून दोन्हीकडून पाहिलं, मग दोन-तीनदा पुन्हा पाहिलं. "खरंच की," ती म्हणाली, आणि मग हळूच, "त्यांनाही सांग. नाहीतर उलट्या फिरवत बसतील."

"ऐकलं मी," पलीकडून आवाज आला. "सांग तिला, मी केव्हाची बरोबरच फिरवतेय."

त्यानंतर आई रोज बाहेर येऊ लागली. झाडाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला काकू. पानं वाळून तपकिरी झाली, गळू लागली. भिंत विरळ व्हायला लागली. आधी पलीकडे नुसती हालचाल दिसायची, मग काकूच्या चष्म्याची काच, मग तिचा कान. दोघीही माझ्याकडे बघत बोलायच्या, पण एकीनं फांदी वाकवली की दुसरी न सांगता ती धरायची.

मला वाटलं, आता एखाद-दुसऱ्या दिवसात आपोआप होईल. तेवढ्यात काकूला फोन आला.

लेकीचा फोन. काकू फोनवर बोलते तेव्हा फोनची खरं तर गरज नसते. "अगं, काय करणार, तेच चाललंय," ती म्हणाली. "मीच हौसेनं आणली हॉस्पिटलमधून, कोणाला दोष देऊ? तेव्हा एवढीशी, नाजूक. बोट दिलं तर मनगट धरलंन. आता माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटतेय. मुळासकट काढल्याशिवाय सुटका नाही."

आईची कात्री थांबली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं बोट कापलं.

"ऐकलंस?" ती जवळजवळ ओठ न हलवता म्हणाली. "हेच. तेव्हाही हेच. चहा घेऊन दारापाशी पोचले होते. लेकीलाच सांगत होत्या. मी तशीच परत आले."

मी ते वाक्य मनात पुन्हा लावून पाहिलं. त्यात आणणारी होती. आणलेली कोण, ते नव्हतंच. फक्त ते क्रियापदाच्या शेवटी लागलेलं एक 'ली' होतं.

"काकू!" मी ओरडले. "कोण डोक्यावर मिऱ्या वाटतेय?"

"थांब गं जरा," ती फोनला म्हणाली. "कोण म्हणजे? वेल! दुसरी कोण? हॉस्पिटलच्या फाटकावरची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती मी. तेव्हापासून भोगतेय."

मग आई म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "वेल तो असतो."

"कोणी सांगितलं?" काकू ताडकन म्हणाली. 'सांग तिला' म्हणायची ती विसरली होती. "वेल ती. तो म्हणे! वेल काय नवरदेव आहे, तो म्हणायला?" आणि तिथंच ती अडखळली. वाळक्या पानांतून तिचा चष्मा आमच्याकडे वळलेला दिसला. "थांब. तुला काय वाटलं, मी कोणाबद्दल बोलतेय?"

फोनमधून "आई? हॅलो?" येत राहिलं. काकूनं तो बंद केला.

"अगं... तुला वाटलं, तुला म्हणतेय?"

"मलाही तुम्हीच आणलंत. हॉस्पिटलमधूनच. हौसेनं."

"आणि तुला ते पटलं? मी तुला मुळासकट काढून टाकायला निघालेय, हे?"

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. आईनं कात्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"तुम्ही तेव्हा माझ्याशी बोलत नव्हता वहिनी. कप घ्यायचा आणि भिंतीकडे बघत प्यायचा. मला रोज वाटायचं, आपली कटकट होतेय यांना. मग ते कानावर पडलं आणि वाटलं, तरीच."

"मी कोणाशीच बोलत नव्हते. तोंड उघडलं की रडू फुटायचं, म्हणून दात आवळून बसायचे. पण त्या कपाची वाट बघायचे गं. दुपार झाली की कान कुंपणाकडे. एक दिवस तू आली नाहीस, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, कंटाळली असेल. रडक्या बाईला कोण किती दिवस सोसणार. मग ती वेल वाढली, तर वाढू दिली. निदान ते दार तरी डोळ्यांसमोर नको."

"मीही नाही कापला," आई म्हणाली. "मुद्दाम."

"विचारायचंस तरी!"

"तुम्ही विचारायचं."

"मी थोरली आहे."

"म्हणूनच."

यावर काकूला हसू आलं की रडू, ते पानांमुळे मला दिसलं नाही. तिनं हात मात्र सरळ कुंपणातून घातला, कोपरापर्यंत. आईनं तो लगेच धरला नाही. बाहीच्या बटणात अडकलेली वेलाची दोरी आधी उसवली, हळूच, डावीकडून उजवीकडे, आणि मग हात धरला.

मी मुळं खणायला लागले. कुणीतरी काहीतरी खणत असलं की अशा वेळी सगळ्यांनाच बरं पडतं.

दार दुसऱ्या दिवशी सापडलं. चौकट शाबूत होती, बिजागरी गंजली होती. आईनं तिला मशीनचं तेल घातलं. दुपारी ती चहा घेऊन वाकून पलीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. नंतर चहाचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "अर्धा कप प्यायल्या. उरलेला सांडला. बोलताना हात किती हलवतात!"

खोकी मात्र तशीच होती. लेकीकडची खोली रंगवून तयार झाली होती, गाडी सांगितलेली होती. त्याबद्दल दोघीही बोलत नव्हत्या. आई नुसती दर थोड्या वेळानं विचारायची, "संपलं ना गं आता काम?"

खरं तेच मी सांगितलं. "संपलं नाही. मुळं काढली, पण बिया मातीत आहेत. त्या वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाणी मिळालं की उगवणार. रोज कुणीतरी बघून रोपं लहान असतानाच काढायला हवीत. दोन्हीकडची."

"वर्षानुवर्षं?" काकूनं विचारलं.

"हो. आणि एक जरी मोठं झालं तर सगळं पहिल्यापासून."

काकूनं डाळिंबाकडे पाहिलं. उघड्या फांदीवर तांबूस पालवीचे ठिपके आले होते. "भाडेकरू बघतील का?"

"भाडेकरू!" आई म्हणाली. "फुलं दिसली की ते खत घालतील."

"हं," काकू म्हणाली. तक्रार करावी तशा सुरात, पण चेहरा वेगळंच सांगत होता. "म्हणजे आता माझ्या मागं हे लागलं."

पहिली रोपं आठवड्याभरात आली. या जातीची बीजपत्रं, म्हणजे पहिली दोन पानं, मधोमध खोल चिरलेली असतात, दोन-दोन लांबट पाकळ्यांसारखी. आई वाकून म्हणाली, "शर्टाची कॉलर." काकू तिच्या अंगणातून म्हणाली, "कसली कॉलर? फुफ्फुसं आहेत ती, स्वच्छ दिसतायत." त्यावर मला निवाडा द्यायला बोलावलं. मी दोन्ही अंगणांत जाऊन पाहिलं आणि कुंपणाच्या ज्या बाजूला उभी होते त्या बाजूचं उत्तर दिलं.

काकूचा चिमटा त्या कामाला अगदी बरोबर निघाला. ती रोज सकाळी स्टूल घेऊन बसते आणि एकेक रोप टाका काढावा तसं काढते. गणवेशांचं खोकं तेवढं तिनं रिकामं केलंय. बाकीची आहेत अजून, वरच्यावर धूळ पुसते.

काल तिच्या लेकीचा फोन आला. मी पायरीवर बसून वाळलेले तुकडे मोजत होते, आई खिडकीत मशीनवर एका पडद्याला दुमड घालत होती. काकूचा आवाज नेहमीसारखा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा होता.

"नाही गं, एवढ्यात नाही जमायचं. गाडीवाल्याला सांग राहू दे. तिला अशी सोडून कशी येऊ मी?"

आईनं मशीन थांबवलं.

"कोण ती?" तिनं खिडकीतून विचारलं.

पलीकडे स्टूल करकरलं.

"वेल!" काकू ओरडली.

आईनं कापड सरळ केलं आणि लांब शिवण घेतली.